ओळी ताईच्या, भिंत साहेबांची

धाकट्या भावानं खुर्चीवर बसण्याआधी खिशातून रुमाल काढला आणि खुर्ची पुसली. बाईंच्या कपाळाला आठी पडली ती तिथेच. खुर्ची स्वच्छ होती. बाईंनी सकाळीच पुसली होती, आणि तो येणार म्हणूनच पुसली होती, याचा त्यांना आता जास्त राग आला.

बाई म्हणजे शाळेतल्या भाषेच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीतला दूधवालासुद्धा त्यांना बाईच म्हणायचा. लग्न केलं नाही. दोन खोल्या, एक खिडकी, पुस्तकांचं एक कपाट आणि दोन-दोन ओळींच्या कविता, एवढा त्यांचा संसार. गावातल्या एका साप्ताहिकात कोपऱ्यात त्यांच्या ओळी छापून यायच्या. सद्गुण, नशीब, माणसाचा स्वभाव, असले विषय. त्याच पानावर खाली मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात असायची, आणि लोक ती आधी वाचायचे, हे बाईंना ठाऊक होतं.

भाऊ मात्र मोठा माणूस झाला होता. आधी वाळू पुरवायचा, मग भिंती बांधायला लागला, मग इमारती. आता गाव त्याला साहेब म्हणायचं आणि येत्या निवडणुकीत तो नगराध्यक्ष होणार हे जवळपास ठरलेलं होतं. बाईंच्या घरी तो किती दिवसांनी आला होता हे दोघांनाही आठवत नव्हतं.

"ताई, वृद्धाश्रम बांधतोय," तो म्हणाला. "मावशीच्या जागेवर. तिच्याच नावानं."

मावशीनं दोघांना वाढवलं होतं. आईवडील गेल्यावर शिवणाच्या मशीनवर पाय मारून तिनं दोघांचं शिक्षण केलं. तिचं बैठं घर भावानं लिहून घेतलं होतं, "तुला मरेपर्यंत हक्काची खोली," असं सांगून. बाईंना ते तेव्हाच खटकलं होतं. पण मावशी खूश होती आणि भाऊ घाईत होता, म्हणून बाई गप्प बसल्या होत्या.

"भिंतींवर काहीतरी चांगलं हवंय. विचार. म्हणजे येणारा-जाणारा थांबून वाचेल असं. सद्गुण, नशीब, महत्त्वाकांक्षा... तुझं ते चालतं ना, तसलं."

"तुला माझ्या ओळी माहीत आहेत?"

"न माहीत असायला काय झालं? आमचा ड्रायव्हर वाचतो ना."

दुसरं कुणी असतं तर बाईंनी चहाचा कप उचलून आत नेला असता. पण भाऊ पुढे म्हणाला, "खाली तुझं नाव टाकू. मोठ्या अक्षरात," आणि बाईंच्या तोंडून शब्द गेला, "बघते."

त्यांनी बघितलं. आठवडाभर दुसरं काही केलं नाही. भाऊ कसा माणूस आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? लहानपणी स्वतःच्या वाट्याचं खाऊन झालं की ताईच्या ताटाकडे बघत बसायचा, आणि ताईनं दिलं नाही तर त्यात थुंकायचा. हे सगळं आठवत असतानाही बाई जुने कागद उपसत होत्या, शब्द बदलत होत्या, मोठ्यानं म्हणून बघत होत्या. शेवटी तीन निवडल्या.

*चांगुलपणा बोलत नाही, हिंडत नाही दारोदार;*
*ज्याच्या घरी तो राहून गेला, त्याला कळतो उशिरा फार.*

*नशीब आले पाहुणे होऊन, बसले, हसले, निघून गेले;*
*ज्याने त्याला मालक केले, त्याचे घरही घेऊन गेले.*

*शिखरावरती पोचलास तू, आता मागे वळून पाहा;*
*ज्यांच्या खांद्यांवरून चढलास, ते कुठे ते शोधून पाहा.*

तिसरी त्यांनी मुद्दाम घातली होती. भावाला टोचावी म्हणून. भावानं ती वाचली, मान डोलावली आणि म्हणाला, "झकास." त्याला ती आपल्याबद्दल आहे असं वाटलंच नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाई इमारत बघायला गेल्या. म्हातारी माणसं आधीच राहायला आली होती. समोरच्या मोठ्या दालनात पेंटर शिडीवर उभा राहून निळ्या रंगानं अक्षरं काढत होता. पहिली कविता पुरी झाली होती आणि तिच्याखाली बाईंचं नाव होतं. बाई जवळ गेल्या, मग दोन पावलं मागे आल्या, मग दाराशी जाऊन तिथून दिसतं का तेही पाहून आल्या. दिसत होतं. छातीत काहीतरी ऊबदार पसरलं. इतकी वर्षं मूळव्याधीच्या औषधाच्या डोक्यावर बसलेल्या ओळी आता हातभर उंचीच्या झाल्या होत्या.

तेवढ्यात वास आला. आधी फिनाईलचा, आणि त्याच्या खालून दुसरा, फिनाईलला न जुमानणारा. बाई त्या वासामागे गेल्या. मागच्या बाजूला, धुण्याच्या जागेला लागून एक लांबट खोली होती. खोलीला झरोका होता, खिडकी नव्हती. भिंतीला ओल आली होती. चार पलंग होते आणि त्यातल्या एकावर मावशी बसली होती. गादीवर प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर चादर, आणि चादरीवर कालच्या आमटीचा पिवळा डाग.

"मावशी, तू इथे?"

"मग कुठे? पुढच्या खोल्या दाखवायच्या आहेत म्हणे. ज्यांची मुलं परदेशी आहेत, त्यांच्यासाठी." मावशीनं नाक वर ओढलं. "आमची मुलं गावातच आहेत ना. आमचं काय."

बाई तडक बाहेर आल्या. भाऊ अंगणात फरशीवाल्यावर ओरडत होता.

"जिची जागा, जिचं नाव, ती मोरीशेजारी?"

"ताई, हळू बोल," भाऊ इकडेतिकडे बघत म्हणाला. "तात्पुरतं आहे ते. उद्यापासून पुढच्या खोलीत. खिडकीशी. बस?"

"आणि नंतर?"

"नंतर नंतरचं बघू ना. तू आल्यापासून भिंत पाहिलीस का? पेंटर म्हणत होता, नाव अजून थोडं मोठं बसेल."

बाई काहीतरी बोलणार होत्या. पण भिंतीची आठवण झाली आणि वाक्य अर्ध्यातच मऊ पडलं. "बरं, पण उद्याच हलवा," एवढंच त्या म्हणाल्या. घरी येताना त्यांना स्वतःचा तो मऊ आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता.

उद्घाटन थाटात झालं. साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, भावजय मोत्यांच्या माळेत, आणि पुढच्या रांगेत सरकारी पाहुणे, पोटांवर हात ठेवून बसलेले. सगळ्या म्हाताऱ्यांना नवे कोरे लोकरी स्वेटर घातले होते. खरं तर घातले नव्हते, पुढून अडकवले होते. मागून बटणं उघडी, आतला जुना फाटका सदरा तसाच. फोटो पुढूनच निघणार होते. ज्यांची मान ठरत नव्हती त्यांच्या पाठीला उशा खोचल्या होत्या. एका आजोबांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि मॅनेजर दर थोड्या वेळानं येऊन ती स्वेटरला लागण्याआधी टिपत होता. आजोबांसाठी नव्हे, स्वेटरसाठी.

मग मावशी बोलायला उभी राहिली. बाईंना वाटलं, मावशी आता सांगेल. मोरी, ओल, प्लास्टिक, सगळं. मावशीची जीभ कात्रीसारखी होती, साऱ्या गल्लीला माहीत होतं.

"माझ्या पोटचा नाही," मावशी माइकला ओठ टेकवून म्हणाली, "पण पोटच्यांना लाजवेल असा आहे. मला तळहातावरच्या फोडासारखं जपतो. असा मुलगा प्रत्येक आईला मिळो." आणि पदरानं डोळे पुसले. डोळे कोरडे होते. बाई पहिल्या रांगेच्या टोकाला बसल्या होत्या, त्यांना स्पष्ट दिसलं.

टाळ्या कडाडल्या. एका पाहुण्यानं रुमाल डोळ्यांना लावला आणि त्याच रुमालानं मग हनुवटीवरचं तेल पुसलं, कारण खाण्याच्या बशा भाषणं संपण्याआधीच फिरायला लागल्या होत्या. लोक खात होते आणि बाईंच्या ओळी वाचत होते. एक पाहुणी तोंडात घास असतानाच म्हणाली, "वा! चांगुलपणा बोलत नाही. किती खरं!" भिंतीवर तिच्या तेलकट बोटाचा ठसा उमटला, नेमका 'चांगुलपणा'वर.

पाहुणे गेले, गाड्या गेल्या, आणि मॅनेजर हातात मोठी पिशवी घेऊन रांगेनं फिरायला लागला. स्वेटर गोळा करत होता. "हात वर करा, आजोबा. हं, दुसरा." लाळवाल्या आजोबांनी स्वेटर घट्ट धरून ठेवला, तर त्यानं एकेक बोट सोडवलं, मोळीची दोरी सोडवावी तसं.

बाईंना तिथे थांबवेना. मावशीचा निरोप घ्यावा म्हणून त्या पुढच्या खोलीत गेल्या. खोलीत खिडकीशी पलंग होता एकच, आणि त्यावर आतापर्यंत एक अर्धांगवायू झालेली म्हातारी असायची. तिला बोलता येत नव्हतं, सगळे तिला गप्प आजी म्हणायचे. दिवसभर ती खिडकीतून रस्ता बघत पडलेली असायची. आता दोन मदतनीस तिला चादरीसकट उचलून मागच्या खोलीकडे नेत होते. चादर मध्ये झोळीसारखी लोंबत होती, आणि आजीचा एक पाय बाहेर येऊन दाराच्या चौकटीला घासला. तिच्या तोंडून घशातल्या घशात एक आवाज निघाला. कुणी वळून पाहिलं नाही. पलंगावर मावशी आधीच बसली होती आणि उशी ठोकून सारखी करत होती.

"मावशी! तिला कुठे नेतायत?"

"मागे. तिला काय कळतंय? खिडकी काय, भिंत काय." मावशीनं उशीला आणखी एक ठोसा दिला. "मी काल रात्रीच सांगितलं तुझ्या भावाला. मी बोलते तू म्हणशील ते, पण मला खिडकी हवी, आणि कायमची हवी. लेखी नको, पण त्या मॅनेजरसमोर कबूल कर, म्हटलं."

"म्हणजे ते सगळं... तळहातावरचा फोड..."

"मग काय मोरीची गाणी गायची होती?"

"त्या बाईची जागा होती ती, मावशी. तिला बोलतासुद्धा येत नाही."

मावशीनं बाईंकडे नीट पाहिलं. लहानपणी खोटं पकडताना बघायची तसं.

"पोरी, तुला सगळं कधी कळलं? कालच ना? मग आज तू का नाही उठलीस बोलायला? पुढेच तर बसली होतीस." ती दालनाच्या भिंतीकडे हनुवटी करून म्हणाली, "तुझं नाव तिथे लागलं, माझा पलंग इथे लागला. उगाच मला शिकवू नकोस. आणि जाताना ते दार लोटून घे, वारा येतो."

बाई घरी आल्या त्या कशा आल्या हे त्यांना कळलं नाही. त्यांनी भावाला फोन लावला आणि गप्प आजीला परत खिडकीशी ठेवायला सांगितलं. भाऊ म्हणाला, "असल्या बारीकसारीक गोष्टींत मला ओढू नकोस, ताई. निवडणूक तोंडावर आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेंटरला गाठलं आणि आपलं नाव तिन्ही ठिकाणांहून पुसायला सांगितलं.

"राग आला का, बाई? अक्षर बिघडलं काय?"

"अक्षर छान आहे. नाव काढा."

पेंटरनं साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले, "तिची इच्छा असेल तर काढ." नावावर पांढऱ्या रंगाचा हात फिरला. त्या दिवशी बाईंना बऱ्याच दिवसांनी धड भूक लागली. आपण घाणीतून पाय काढून घेतला, आता आपला आणि त्या सगळ्याचा संबंध नाही, असं त्यांना वाटलं. नाव सोडणं किती जणांना जमतं? त्यांनी हा प्रश्न स्वतःलाच विचारला आणि उत्तर आवडलं.

भाऊ निवडून आला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बँकेत रांगेत उभ्या असताना त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटली, आता स्वतः दोन मुलांची आई.

"बाई, तुमचे भाऊ इतकं सुंदर लिहितात, कधी बोलला नाहीत!"

"कोण लिहितो?"

"साहेब हो! आश्रमाच्या भिंतीवर. परवा विजयसभेतसुद्धा त्यांनी म्हटलं. काय ते... 'नशीब आले पाहुणे होऊन'. लोकांनी डोक्यावर घेतलं. तुमच्याकडूनच शिकले असतील, नाही का? पण खरं सांगू, शिष्य पुढे गेला हं!" आणि ती मनापासून हसली.

बाईही हसल्या. गाल दुखेपर्यंत हसल्या. पैसे न काढताच बाहेर पडल्या आणि सरळ आश्रमात गेल्या. ज्या जागी पांढरा हात फिरला होता, तिथे आता भावाचं नाव होतं, सोनेरी रंगात. आणि तिसरी कविता बदलली होती.

*शिखरावरती पोचलास तू, आता मागे वळून पाहा;*
*ज्यांना हात देऊन आणलेस, त्यांचे हसू निरखून पाहा.*

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ओळीत एक मात्रा जास्त झाली होती! 'हात देऊन आणलेस' म्हणताना जीभ अडखळत होती. त्या तिथे उभ्या राहून बोटांवर मात्रा मोजत होत्या आणि त्यांच्या मागून स्ट्रेचरवरून कुणाला तरी नेलं जात होतं, त्यांनी बाजूलाही होऊ नये? मदतनीस म्हणाला, "जरा सरका, बाई," तेव्हा त्या सरकल्या. स्ट्रेचरवर लाळवाले आजोबा होते. अंगावर चादर तोंडापर्यंत ओढलेली. तोंडावरूनसुद्धा.

बाई बाकावर बसल्या. खूप वेळ बसल्या. आपण इथे धावत आलो ते कशासाठी? खोटं बोललं गेलं म्हणून? ते तर उद्घाटनाच्या दिवशीही बोललं गेलं होतं, तेव्हा आपले पाय नव्हते धावले. तेव्हा भिंतीवरचं नाव आपलं होतं. आपण नाव सोडलं ते ती जागा रिकामी, पवित्र, आपल्या त्यागाची आठवण म्हणून राहावी म्हणून सोडलं. दुसऱ्यानं उचलावं म्हणून नाही. भावाच्या थाटाची, मावशीच्या कोरड्या डोळ्यांची इतके दिवस वाटत होती ती शिसारी आता त्यांना स्वतःचीच वाटू लागली.

मग त्यांनी मागची खोली गाठली. गप्प आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती. चौकटीला घासलेल्या टाचेवरची जखम उघडीच होती आणि तिच्यावर माश्या बसत होत्या. बाईंनी माश्या हाकलल्या, त्या पुन्हा बसल्या. बाईंनी तिथूनच भावाला फोन लावला.

"भिंतीवरचं पाहिलं मी," त्या म्हणाल्या.

"ताई, नाव तूच काढायला लावलंस. रिकामं बरं दिसत नव्हतं. कार्यकर्त्यांनी परस्पर..."

"ऐक. त्या ओळी तुझ्या. मी कुणाला काही सांगणार नाही, कधीच नाही. त्या बदल्यात गप्प आजी आज, आत्ता, खिडकीशी. आणि तिच्या पायाला डॉक्टर."

"एवढंच?" भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता आणि थोडं हसूही. स्वस्तात जमीन मिळाल्यावर तो असाच बोलायचा. "अगं, मग आधी बोलायचंस ना! आत्ता मॅनेजरला सांगतो. आणि ताई, दुसऱ्या मजल्याचं काम निघतंय. अजून चार-पाच लिहून दे की."

बाईंनी फोन बंद केला.

आजीला संध्याकाळच्या आत हलवलं. मावशीनं बाईंना दारातच गाठून शिव्या घातल्या, तुला दूध पाजलं नसतं तर बरं झालं असतं म्हणाली. तिनं दूध पाजलं नव्हतं, पण तो मुद्दा काढायची ती वेळ नव्हती. तेव्हापासून ती बाईंशी बोलत नाही. भावाशी मात्र बोलते. त्यानं तिला दुसऱ्या मजल्यावरची खिडकी कबूल केली आहे.

बाई दोन दिवसांनी गप्प आजीला बघायला गेल्या. पायाला पट्टी होती, चादर स्वच्छ होती. बाईंना वाटलं होतं, आजीच्या डोळ्यांत काहीतरी दिसेल. ओळख, नाहीतर निदान पाणी. आजी तोंड उघडं टाकून घोरत होती, खिडकीकडे पाठ करून. बाई तिच्या उठण्याची वाट बघत बसल्या आणि मग एकदम लक्षात आलं की आपण आभारांची वाट बघतोय. त्या उठल्या आणि निघून आल्या.

त्या आठवड्यात त्यांनी चार ओळी लिहायला घेतल्या आणि दोनच झाल्या. पण त्या दोन, त्यांना वाटलं, आजवरच्या सगळ्यांत खऱ्या होत्या.

*चिखल पाहिला दुसऱ्या अंगी, नाक मुरडुनी हसलो आम्ही;*
*धुण्यास त्याला वाकून बघता, त्याच डबक्यात बसलो आम्ही.*

आश्रमासाठी नाही, साप्ताहिकाला पाठवल्या. स्वतःच्या नावानं. संपादकाचा फोन आला, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच.

"बाई, ओळी वाचल्या. चांगल्या आहेत. पण राग मानू नका, आपल्या म्हणून बोलतो." तो जरा घुटमळला. "साहेबांच्या शैलीची छाप फार जाणवते हो. त्यांच्या ओळी आता सगळ्यांच्या तोंडी आहेत ना. वाचक म्हणेल, बहिणीनं उचललं. तुम्ही तुमचं स्वतःचं काहीतरी लिहा. पूर्वी लिहायचात तसं."

बाईंनी भावाला शब्द दिला होता. खिडकीबाहेर शेजारीण कचऱ्याची बादली गटारात उपडी करत होती आणि त्यात भाताची शितं तरंगत चालली होती. बाई ती जाईपर्यंत बघत राहिल्या.

"ऐकताय ना, बाई?"

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे. आमच्या घरातलीच शैली आहे ती."